डावीकडचा किनारा

आई गेल्यावर बाबांनी चटणी सोडली, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

गेलेल्या माणसाच्या नावाने मागे राहिलेल्याने एखादा पदार्थ सोडायचा, ही आमच्या घरातली रीत. काका गेले तेव्हा काकूंनी आंबा सोडला, तो शेवटपर्यंत. बाबांनी तसं बोलून दाखवलं नव्हतं. पण रोज भाजी, आमटी संपायची आणि ताटाची डावी बाजू, म्हणजे चटणी, कोशिंबीर, लोणचं, लिंबाची फोड, वाढली तशी राहायची. भाताची मूदही अर्धीच खाल्ली जायची. त्याला मी ‘भूक मेली’ असं नाव दिलं होतं.

ओल्या खोबऱ्याची चटणी ही आईची खूण. ती गुहागरजवळच्या वेळणेश्वरची. लग्न होऊन अंबाजोगाईला आली ती शेंगदाणा आणि कारळाच्या राज्यात, आणि तिथे तिने आयुष्यभर नारळाचं ठाणं राखलं. घरातला नारळ संपला की ही माहेरी निघून जाईल, म्हणून मी आधी बाजारात जातो, असं बाबा पाहुण्यांना सांगायचे. त्यामुळे त्यांनी नेमकी तीच चटणी बाजूला सारावी, यात कुणालाच शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही. कुमुदआत्याने तर गल्लीभर सांगितलं. आत्या बाबांहून थोरली, जवळच राहणारी. ती म्हणायची, आमच्या दिगूसारखा नवरा शोधून सापडायचा नाही.

मी पुस्तकांच्या संपादनाचं काम करते, ते कुठूनही करता येतं. म्हणून आई गेल्यावर पुण्याहून येऊन राहिले होते. आयुष्यभर वाचत आल्यामुळे दुःखात माणसं काय काय सोडतात याचे दाखले माझ्यापाशी भरपूर होते. कदाचित त्यामुळेच मी ताटाकडे नीट पाहिलं नाही.

आई जाण्याच्या वर्षभर आधी बाबांना पक्षाघाताचा झटका आला होता. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली. वेळेत दवाखान्यात नेलं, डावा हात-पाय थोड्याच दिवसांत हलू लागला, बोलणं तर कधी अडखळलंच नाही. बरे झाले, असं सगळ्यांनी ठरवलं. आई असेपर्यंत तसं दिसतही होतं. ती अचानक गेली, हृदय बंद पडून, सकाळी चहा गाळताना. त्यानंतर बाबा दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागले. दाढी करताना अर्धा गाल तसाच ठेवू लागले. एकदा कोपऱ्यावर डावीकडून आलेल्या स्कूटरखाली येता येता वाचले. या नव्या स्कूटरना आवाज नसतो, हे खरं. पण ती अगदी जवळ येऊन थांबली तरी बाबांना कळलं नव्हतं. आम्ही म्हणालो, लक्ष नाही बिचाऱ्यांचं.

मी त्यांना पुण्याला चला म्हणत होते. त्यांना अंबाजोगाई सोडायची नव्हती. ते इथल्या शाळेत भूगोल शिकवत. गावातली निम्मी माणसं त्यांना औंढेकर सर म्हणून थांबवायची. ‘इथं मला रस्ते माहीत आहेत,’ एवढंच ते म्हणायचे. मी कायमची राहू शकत नव्हते, आणि त्यांना असं एकटं सोडूनही जाऊ शकत नव्हते. आमचं भांडण कधी झालं नाही. रोज जेवताना ते न बोलता आमच्या मध्ये बसलेलं असायचं, इतकंच.

मग आईचं सहा महिन्यांचं श्राद्ध आलं.

आमच्याकडे पितरांचं पान उलटं वाढतात. नेहमी उजवीकडे येणारी भाजी डावीकडे जाते आणि चटणी-कोशिंबीर उजवीकडे येते. आत्याने ओट्यावर दोन पानं वाढून ठेवली होती, एक आईचं आणि एक बाबांचं. बाबांचं पान नेऊन दे म्हणाली. ती पुरणाच्या पोळ्यांकडे वळली होती, माझं लक्ष गुरुजींच्या दक्षिणेकडे होतं, आणि मी पान उचललं ते आईचं.

बाबा जेवायला बसले. पहिलं बोट चटणीला लावलं. मग दुसरं. मग सगळी चटणी भाताला लावून संपवली, कोशिंबीर संपवली, लिंबाची फोड पिळून चोखलीसुद्धा.

“केतकी,” ते म्हणाले, “आईच्या हाताच्या जवळपास आलीस बरं का.”

आत्या पोळी वाढायला आली होती, ती उलथणं हातात घेऊन तशीच उभी राहिली. “दिगू, अरे तू चटणी सोडली होतीस ना?”

“मी कशाला सोडू?”

“सहा महिने शिवला नाहीस चटणीला.”

“तुम्ही सहा महिने वाढली कुठं?” बाबा म्हणाले. “आधी वाटलं, सुतकात करत नसतील. मग वाटलं, केतकीला जमत नसेल. लेकरू आपलं घरदार सोडून इथं राहतंय, त्यात चटणी कुठली मागायची.”

आत्याचं लक्ष आता पानाकडे गेलं. आपण काय पाहतोय हे कळल्यावर ती मटकन पाटावर बसली. “अरे देवा. शैलाचं पान जेवलास तू.”

“तिचंच जेवलो आयुष्यभर,” बाबा म्हणाले आणि पोळी मोडली.

मी पानाकडे पाहत होते. उजवी बाजू पुसून काढल्यासारखी स्वच्छ. डावीकडे बटाट्याची भाजी, अळू, भजी, सगळं जागच्या जागी. मधल्या भाताची मूद उभी कापल्यासारखी. सीमारेषा सरळ होती, पट्टीने आखल्यासारखी. मी पान अर्धं फिरवलं.

“अरे वा,” बाबा म्हणाले, “अळूही केलंय की.”

*

संभाजीनगरला मेंदूच्या पुनर्वसनावर संशोधन करणारं एक केंद्र आहे. तिथल्या डॉ. खंदारे माझ्याच वयाच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी बाबांचा हात दाबून पाहिला नाही की पाय उचलायला लावला नाही. भूगोलाचे सर आहात असं कळलं, म्हणाल्या, आणि खडू हातात देऊन फळ्यावर महाराष्ट्र काढायला सांगितला.

बाबांचा नकाशा हा आमच्या गावात ऐकण्या-सांगण्याचा विषय होता. गोंदियाच्या कोपऱ्यात खडू टेकवायचे आणि सातपुड्यावरून पश्चिमेला जात, डहाणूपाशी समुद्र गाठून, तेरेखोलपर्यंत किनारा उतरून, कोल्हापूर, सोलापूर, नांदेड करत पुन्हा गोंदियाला यायचे. एकच रेघ, खडू न उचलता. शाळांमध्ये फळ्यांच्या जागी पडदे आले तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांना त्यांचा फळा घरी पाठवून दिला होता. तो आमच्या पुढच्या खोलीत अजून आहे.

त्या दिवशी खडू गोंदियाहून निघाला, जळगावपाशी आला आणि सरळ खाली वळला. सोलापूर, नांदेड, गडचिरोली, गोंदिया. बाबांनी हात झटकले. चेहऱ्यावर समाधान होतं. समोर विदर्भ होता, मराठवाडा होता. नाशिक नव्हतं, पुणं नव्हतं, मुंबई नव्हती. अख्खं कोकण नव्हतं.

“पुरा झाला?” डॉक्टरांनी विचारलं.

“पस्तीस-छत्तीस वर्षं हेच केलंय, बाई.”

मला तिथून उठून जावंसं वाटलं. डॉक्टर मात्र घाईत नव्हत्या. त्या म्हणाल्या, सर, डोळे मिटा. चंदगडला उभे आहात, तोंड उत्तरेकडे. समोरची गावं सांगा. बाबांनी सांगली, सोलापूर, लातूर, आपली अंबाजोगाई, नांदेड, नागपूर, गोंदिया अशी भराभर सांगितली. माझं पुणंसुद्धा त्यात आलं नाही.

“आता तोरणमाळला जा. सातपुड्यावर. तोंड दक्षिणेकडे.”

बाबा क्षणभर थांबले, मनात उभं राहिल्यासारखे. मग म्हणाले, डहाणू. पालघर, मुंबई, अलिबाग, श्रीवर्धन, हर्णै, दाभोळ, गुहागर, वेळणेश्वर, जयगड, रत्नागिरी. एकही गाव न चुकता ते वेंगुर्ल्यापर्यंत उतरले. आणि या वेळी अंबाजोगाई राहिली. स्वतःचं घर राहिलं.

डॉक्टरांनी दोन्ही वेळचं बोलणं त्यांना पुन्हा ऐकवलं. बाबा ऐकत होते. वर्गात कुणी चांगला प्रश्न विचारला की त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला होता. झटका आल्यापासून त्यांना कुणी ‘तुम्हाला डावीकडचं दिसत नाही’ म्हटलं असतं तर ते हसले असते. कारण ज्याचा अर्धा गेला, त्याला उरलेला अर्धा पूर्णच वाटतो. ही या आजाराची सगळ्यात वाईट खोड, असं डॉक्टर मला नंतर म्हणाल्या. अंगाला लकवा झाला तर माणूस तक्रार करतो. लक्षाला लकवा झाला तर तक्रार करणाराच शिल्लक राहत नाही.

बाबा फळ्याकडे बघत म्हणाले, “म्हणजे नकाशा शाबूत आहे.”

“पूर्ण शाबूत आहे, सर.”

“मीच चुकीच्या ठिकाणी उभा आहे.”

डॉक्टर म्हणाल्या, हे वाक्य मी आता प्रत्येक पेशंटला सांगणार.

त्यांनी समजावलं ते असं. बाबांचे डोळे ठीक होते. डावीकडच्या वस्तूंची खबर डोळ्यांतून मेंदूच्या मागच्या भागापर्यंत व्यवस्थित पोचत होती. एक जुना प्रयोग आहे. अशा रुग्णाला एकाखाली एक दोन सारखीच घरं काढून दाखवतात, फक्त एका घराच्या डाव्या खिडकीतून ज्वाळा निघत असतात. रुग्ण म्हणतो, दोन्ही घरं सारखी. पण राहायला कुठलं घेशील विचारलं की बहुतेक वेळा न जळणारं निवडतो. का, ते त्याला सांगता येत नाही. म्हणजे मेंदूच्या कुठल्यातरी खोलीत आग दिसलेली असते, फक्त घरमालकाला ती बातमी मिळत नाही. बातमी नेणारा रस्ता उजव्या मेंदूतून जातो, आणि बाबांच्या गुठळीने नेमका तिथे घाव घातला होता. भरीला मेंदूचे दोन्ही भाग एरवी एकमेकांना रस्सीखेचीसारखे ओढून धरतात. एका बाजूची माणसं दमली की दुसरी बाजू दोर घेऊन जाते. बाबांचं सगळं लक्ष उजवीकडे ओढलं गेलं होतं ते त्यामुळे.

केंद्राने एक यंत्र बनवलं होतं. त्याचं नाव साद. डोक्याला बांधायची पातळ पट्टी, तिला कानांवरून खाली येणाऱ्या दोन सरी. पट्टी मेंदूतल्या विजेच्या लहरी सतत ऐकते. डावीकडचं काही मेंदूच्या मागच्या खोलीत पोचलं पण पुढे गेलं नाही, की तिला ती अर्धवट खूण ओळखता येते. त्याच क्षणी ती ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा बारीक झोत दोन ठिकाणी सोडते. एका झोताने जोर करणारी बाजू थोडी शांत होते, दुसऱ्याने घाव पडलेल्या जागेभोवतीच्या जिवंत पेशी जाग्या होतात. बातमी पलीकडे पोचली की पोचली. असं पुष्कळदा झालं तर मेंदू स्वतःच नवी पायवाट पाडतो, आणि मग पट्टी लागत नाही.

“पण पट्टी फक्त दार उघडते,” डॉक्टर म्हणाल्या. “आत येणाऱ्याला यावंसं वाटलं पाहिजे. डावीकडे असं काहीतरी हवं, ज्याच्यासाठी सर वळतील.”

पट्ट्या मोजक्या होत्या आणि रांग मोठी. पावसाळा संपेपर्यंत बाबांच्या मेंदूत बातमी एकदाही पुढे गेली नाही, तर पट्टी पुढच्या रुग्णाला द्यायची, असं ठरलेलं होतं. बाबांनी होकार दिला. आपल्याला काय हवं तेही स्वतःच सांगितलं. “किनाऱ्यासकट नकाशा, एका रेघेत. तो जमला तर मी माझ्या घरात राहीन. नाही जमला तर केतकी म्हणेल तिथं जाईन.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “कबूल?”

मी कबूल म्हणाले. कबूल होणं मला सोपं होतं, हे मला खटकलं.

*

पट्टी घरी आली. आत्याने पहिल्याच दिवशी दोन्ही सरी निरखून पाहिल्या आणि म्हणाली, “म्हातारपणी मुंडावळ्या बांधून बसलास की रे.” बाबा म्हणाले, नवरी तेवढी दाखव.

रोज सकाळी मी त्यांच्या डावीकडे बसायची. डाव्या बाजूला दिवे लागायचे, चित्रं यायची, घंटी वाजायची. संभाजीनगरला डॉक्टर पडद्यावर लहरी पाहायच्या आणि व्हिडिओ कॉलवर आमच्याशी बोलायच्या. मागच्या खोलीत खबर पोचतेय, त्या सांगायच्या, रोज पोचतेय, पुढे सरकत नाही. गुळाचा खडा ठेवून झाला, जुने फोटो ठेवून झाले, चटणीही ठेवून झाली. बाबा शहाण्यासारखे बसायचे आणि दिवसभर उजव्या जगात वावरायचे. गणपती येऊन गेले. पावसाने उघडीप दिली की मला भीती वाटायची.

मग डॉक्टरांनी एक गोष्ट सुचवली. आईचे फोनवरचे निरोप आमच्याकडे होते. त्यावरून तिचा आवाज हुबेहूब तयार करता येतो, हवं ते बोलवता येतं. तिने डावीकडून ‘अहो’ म्हटलं तर याहून जबरदस्त हाक कुठली? दुसऱ्या दोन रुग्णांवर हा उपाय लागू पडला होता, तोही लवकर. डॉक्टर हे अगदी जपून बोलल्या. मला रात्रभर विचार करावा लागेल असं वाटलं होतं, पण मी तिथल्या तिथे बाबांनाच विचारायचं ठरवलं. त्यांच्या डोक्यात काय शिरावं हे ठरवणारी मी कोण.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. आवाज किती खरा असेल, तिला काय बोलायला लावणार, नंतर तो कुठे ठेवतात, असे नेमके प्रश्न विचारले. मग म्हणाले, “नको.”

डॉक्टर म्हणाल्या, सर, वेळ थोडा आहे.

“बाई, ती मला एवढी वर्षं हाका मारत आली. जेवायला, औषधाला, दाराला कडी घालायला. आता सुटली आहे. तिला परत कामाला लावू नका.”

पडद्यावर डॉक्टरांनी समोरच्या वहीतली एक ओळ खोडली. मग, बरं, म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस कोरडे गेले. आत्या मला स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणायची, पुण्याच्या घरात त्याला हवेशीर खोली दे बाई. मी पुण्याला फोन करून खालच्या मजल्यावरचं एखादं घर बघायलाही सांगितलं होतं. बाबांना ते कळलं असावं. त्यांनी आपली पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. उजवीकडची कपाटं रिकामी केली. डावीकडच्या कपाटाला हात लागला नाही.

अशाच एका सकाळी मी त्यांच्या डावीकडे बसून गावांची नावं वाचत होते. तो त्या आठवड्याचा धडा होता, नावं ऐकायची आणि आवाजाच्या दिशेला पाहायचं. आदल्या दिवशी एका पुस्तकाचं काम उशिरापर्यंत चाललं होतं, डोळे मिटत होते. कागदावर न बघताच मी किनारा म्हणत चालले होते. श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, दाभोळ...

“चूक.”

मी दचकून वर पाहिलं. बाबा माझ्याकडे बघत होते. मान पूर्ण डावीकडे वळलेली, नजर थेट माझ्या तोंडावर, भुवया जवळ आलेल्या. माझ्या सातवीच्या वर्गात, तिसऱ्या बाकावर, मी हा चेहरा पुष्कळदा पाहिला होता.

“आधी दाभोळ, मग खाडी, मग गुहागर. आजोळच्या वाटेवरची गावं पाठ नाहीत तुला?”

पडद्यावरून डॉक्टरांचा आवाज आला. आवाज दबलेला होता, पण त्या उभ्या राहिल्या होत्या हे दिसत होतं. “केतकी, थांबू नका. पुढचं नाव सांगा. चुकीचं सांगा.”

“रत्नागिरी,” मी म्हणाले, “मग जयगड.”

“जयगड आधी,” बाबा म्हणाले. “आज झालंय काय तुला?” नजर हलली नाही. खबर पुढे पोचली की पेटणारा पट्टीवरचा हिरवा ठिपका, जो इतक्या आठवड्यांत एकदाही पेटला नव्हता, स्थिर पेटला होता.

समोरची गोष्ट अपेक्षेप्रमाणे घडली नाही की मेंदू एक झटक्याची लहर सोडतो, चूक ओळखणारी लहर. ती सगळ्यांच्याच डोक्यात असते, असं डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. पण जो माणूस छत्तीस वर्षं मुलांच्या चुका ऐकत आला, त्याच्यात ती केवढी असणार. दिवे, गूळ, फोटो, हे सगळं त्याला बोलावणं होतं. बोलावणं टाळता येतं. चूक तशीच राहू देणं शिक्षकाला जमत नाही.

तेव्हापासून आमच्या घरात रोज खोटा भूगोल सुरू झाला. मी डावीकडून गोदावरी अरबी समुद्राला मिळवली. आत्याला या खेळाची फार गोडी लागली. ती भाजी निवडता निवडता डावीकडून म्हणायची, “दिगू, कळसूबाई बीड जिल्ह्यात ना रे?” आणि बाबा तिच्याकडे वळून, “ताई, तुला सातवीतून वर कुणी घातलं,” असं विचारायचे. आत्या मला डोळा मारायची. तिच्या निम्म्या चुका खऱ्या होत्या, हे आम्ही तिला सांगितलं नाही.

पायवाट पडत गेली. आधी आवाजाकडे वळणं आलं, मग वस्तूंकडे. दोन्ही गाल दाढी झालेले दिसू लागले. पेपरातल्या ओळी सुरुवातीपासून वाचल्या जाऊ लागल्या. मुदत संपायच्या आत डॉक्टरांनी पट्टी बंद करून पाहिली, आणि बाबांनी ताटातलं लोणचं मागे ढकलून विचारलं, हे एवढं खारट कुणी घातलं.

*

डावी बाजू परत आली ती एकटी आली नाही.

एका दुपारी बाबा पुढच्या खोलीत उभे होते. दाराच्या चौकटीवरून डावा हात वरून खाली फिरवत होते. मग कपाटाच्या कडेवरून, मग पलंगाच्या दांडीवरून.

“इथल्या टिकल्या कुठं गेल्या?”

मला आठवलं. आईच्या लाल टिकल्या घरभर चिकटलेल्या असायच्या. बायका आरशाला, भिंतीला लावून ठेवतात तशाच, असं आम्हाला वाटायचं. तेराव्याला घर धुताना आत्याने त्या खरडून काढल्या होत्या. सवाष्णीच्या टिकल्या अशा भिंतीवर राहू नयेत म्हणून. आत्या आतून बाहेर आली आणि तिने तसं सांगितलं.

बाबा म्हणाले, “सगळ्या डाव्या कडेला होत्या. दवाखान्यातून निघताना तिथल्या कुणी मुलीने तिला सांगितलं होतं, डावीकडे लाल खूण ठेवा म्हणून. तुझी आई म्हणायची, लाल दिसेपर्यंत मान वळवायची, त्याच्या आधी थांबायचं नाही. मी म्हणायचो, बायकांचं काहीतरी. पण ऐकायचो. जेवताना मध्येच माझं ताट फिरवायची. मला वाटायचं, हिला चैन नाही.”

“आम्हाला का नाही सांगितलं तिने?” मी विचारलं.

“मला कुठं सांगितलं?” बाबा म्हणाले. “मला तर काही झालंच नव्हतं.”

ते पलंगावर डाव्या कडेला जाऊन बसले, जिथे ती बसायची. मी आणि आत्या आत निघून आलो. दूध तापवायचं होतं. आत्या पदराने डोळे पुसत होती आणि म्हणत होती, मी काढायला नको होत्या गं. मी तिला म्हणाले, आत्या, आपल्या दोघींनाही त्या दिसल्याच नव्हत्या.

बाबा बाहेर आले तेव्हा चहा मागितला, नेहमीच्या आवाजात. साखर कमी म्हणाले.

वर्षश्राद्धाला डॉ. खंदारेही आल्या. आईचं पान बाबांनी स्वतः वाढलं, उलटं, जसं असतं तसं. भाजी डावीकडे, चटणी उजवीकडे. एकही जागा चुकली नाही, आत्या वाकून वाकून तपासत होती. गच्चीवर पान ठेवल्यावर कावळ्याने आधी चटणीत चोच घातली. आत्याने हात जोडले. बाबा म्हणाले, कोकणातला दिसतोय.

जेवणं झाल्यावर डॉक्टरांनी फळ्याकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही. बाबांनी खडूचा तुकडा घेतला, फळ्यासमोर उभे राहिले आणि आधी मान डावीकडे वळवली, अगदी कडेपर्यंत. तिथे थांबून जरा वाकले. लाकडी चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, आत्याचं फडकं जिथे पोचलं नव्हतं तिथे, एक टिकली होती. रंग फिकटला होता. बाबांनी तिला हात लावला नाही. हं, एवढंच म्हणाले.

खडू गोंदियाला टेकला. सातपुड्यावरून निघाला. जळगाव आलं, तेव्हा मी श्वास रोखून धरला होता आणि शेजारी डॉक्टरांनीही. जळगाव मागे पडलं. तोरणमाळ गेलं, रेघ खाली झुकून डहाणूला पोचली आणि समुद्राला लागली. मग ती किनाऱ्याने उतरू लागली, प्रत्येक खाडीशी आत जात, प्रत्येक भुशिराला वळसा घालत. मुंबई. अलिबाग. श्रीवर्धन. दाभोळपाशी बाबांनी मान न वळवता विचारलं, “पुढे काय गं?”

“गुहागर,” मी म्हणाले.

“शाब्बास.”

गुहागरच्या जरा खाली खडू थांबला. फळ्यावरच टेकलेला, पण थांबलेला. आत्याच्याने राहवेना. “रेघ मोडली का रे, दिगू?”

“नाही,” बाबा म्हणाले. “इथं जरा उतरायचं होतं.”

वेळणेश्वरला खडूचा एक छोटा पांढरा ठिपका जाड होत गेला. मग रेघ पुन्हा निघाली. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला, तेरेखोल. तिथून ती पूर्वेला वळली, चंदगड आणि सोलापूर मागे टाकत नांदेडला आली आणि गडचिरोलीवरून चढून जिथून निघाली होती तिथे, गोंदियाला, स्वतःला मिळाली. बाबांनी खडू खाली ठेवला आणि हात झटकले. डावा हात उजव्यावर आणि उजवा डाव्यावर.

मी दुसऱ्या दिवशी पुण्याला निघाले. बाबा कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. रस्ता ओलांडताना त्यांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं. डावीकडून एक स्कूटर, आवाज न करता, आमच्या समोरून गेली.

“बघून चालावं,” बाबा म्हणाले.